आधी खाटा मोजा, मग यादी भरा

रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात अडलेली बाळंतीण येते. ड्युटीवरचा एक नवा डॉक्टर हातमोजे चढवून नर्सला हाक मारतो. शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रात तशीच बाई येते आणि तिथला नवा डॉक्टर जिल्हा रुग्णालयाला पाठवायची चिठ्ठी लिहायला बसतो. दोघेही एकाच वर्षी एमबीबीएस झालेले. दोघांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. शेवटच्या वर्षाला दोघांनी एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका सोडवली, आणि मार्कही उन्नीस-बीस. मग फरक पडला कुठे?

तो पडला साडेपाच वर्षांपूर्वी, प्रेफरन्स फॉर्म भरताना. अभिमत विद्यापीठं आणि एम्ससारख्या संस्था सोडल्या, तर राज्यातल्या सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी महाविद्यालयांना अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. वेगळं असतं ते त्यांच्याशी जोडलेलं रुग्णालय. तरीही फॉर्म भरताना घरात चर्चा चालते ती कटऑफची, शहराची, इमारतीची आणि कोणाचा भाचा कुठे शिकतो याची.

मार्क बाजूला ठेवा, नंबर पाहा

"गेल्या वर्षी शेजारच्यांच्या मुलीला इतक्या मार्कांना मिळालं, मग आपल्याला का नाही?" या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण प्रश्नच चुकीचा आहे. नीटची परीक्षा 720 मार्कांची. प्रश्न 180, बरोबर उत्तराला चार आणि चुकलं तर एक वजा. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 जणांना पैकीच्या पैकी होते. 2025 मध्ये पेपर, त्यातही भौतिकशास्त्राचा, इतका जड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 मिळाले. म्हणजे 2024 चे साडेसहाशे आणि 2025 चे साडेसहाशे यांची तुलनाच होऊ शकत नाही. तुलना करायची ती राज्य गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाची, आणि तीही आपल्या प्रवर्गातली.

क्रमांकातही एक मेख आहे. जागा वाढल्या की कटऑफ घसरतो. 2024 मध्ये महाराष्ट्रात एका दमात दहा सरकारी महाविद्यालयं सुरू झाली: मुंबई, नाशिक, अंबरनाथ, जालना, हिंगोली, अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली. मिळून 900 जागा. त्यातल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात गेल्या, तरी राज्याच्या वाट्याला साडेसातशेहून जास्त उरतात. त्यामुळे 2023 चा तक्ता 2024 ला लावणारा फसला. सप्टेंबर 2020 च्या आधीचे तक्ते तर रद्दीत घाला. तोवर राज्यात 70:30 चं सूत्र होतं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून 70 टक्के जागा त्या-त्या भागातल्या मुलांना. ते सूत्र गेलं आणि लातूरच्या मुलाला मुंबईचं, मुंबईच्या मुलीला नागपूरचं दार सारखंच उघडलं.

रांगा मात्र दोन आहेत. सरकारी जागांपैकी 15 टक्के अखिल भारतीय कोट्याच्या. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. एम्स आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेशही तिच्याचकडे. राज्याच्या 85 टक्के जागा आणि खासगी महाविद्यालयं राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, राउंडमधून. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते. एक फॉर्म भरून दुसरा राहिला म्हणून हळहळणारे पालक दर वर्षी भेटतात.

यादीत हुशारी चालत नाही

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. "केईएम पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर तोवर मिरज हातचं जाईल. त्यापेक्षा मिरजच पहिलं टाकू." ही भीती खरी वाटते, पण यंत्रणा तशी चालत नाही.

घरच्या वास्तुशांतीला सुनांना द्यायच्या साड्यांचा गठ्ठा आठवा. थोरलीपासून धाकटीपर्यंत प्रत्येकीने आपली आवड चिठ्ठीवर क्रमाने लिहून दिली आहे. सासूबाई आधी थोरलीची चिठ्ठी उघडतात आणि तिची पहिली आवड देऊन टाकतात. मग दुसरीची. तिची पहिली आवड गेली असेल तर तिच्याच चिठ्ठीवरची दुसरी, तीही गेली असेल तर तिसरी. तिचा निकाल लागल्याशिवाय तिसरीची चिठ्ठी उघडतच नाहीत. तेव्हा धाकटीने पैठणी पहिली लिहिली म्हणून तिची इरकल कोणी पळवत नाही. इरकल जाते ती फक्त तिच्याहून थोरलीला हवी असेल तर, आणि ती तशीही जाणारच होती.

सीईटी सेलचा संगणक हेच करतो, फक्त वयाऐवजी गुणवत्ता क्रमांक. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावावी. अशक्य वाटणारं कॉलेज वर लिहिल्याने काहीही बिघडत नाही. बिघडतं ते नको असलेलं कॉलेज "भरतीला" लिहिल्याने. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारता येते, पण पुढच्या फेऱ्यांत नाकारली तर अनामत बुडते आणि प्रक्रियेतून बाहेर पडायची वेळही येऊ शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका म्हणूनच शेवटच्या पानापर्यंत वाचायची. नियम दर वर्षी थोडे सरकतात आणि कोचिंगवाल्यांच्या व्हिडिओत बऱ्याचदा जुनेच असतात.

दुसरी ठेच लागते ती दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत जागा घेऊन तुम्ही स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला नाही, तर तुमचं नाव वरच्या पसंतीसाठी चालू राहतं. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते. "दोन्ही बघतो, मग ठरवतो" असा पर्याय नसतो. तेव्हा दुसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा लावा आणि हातात आहे त्याहून खरोखर बरं असेल तेवढंच ठेवा. महिनाभर होस्टेलवर राहून, मित्र जमवून झाल्यावर शंभर किलोमीटरवरचं "एक नंबर वरचं" कॉलेज नको वाटू शकतं.

खाट म्हणजे किती शिक्षण?

आता मुख्य मुद्दा. यादीत वर लिहायचं कोणाला?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या निकषांनुसार वर्षाला 100 विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात 420 खाटा हव्यात, आणि 150 घेणाऱ्याकडे 605. त्यातल्या सरासरी 80 टक्के भरलेल्या असायला हव्यात. जरा आकडेमोड करू. 605 च्या 80 टक्के म्हणजे 484 रुग्ण. दुसऱ्या वर्षापासून मुलं वॉर्डात जायला लागतात. म्हणजे 150 च्या तीन बॅच, 450 मुलं. दर मुलामागे जेमतेम एक रुग्ण. हे सगळे निकष प्रामाणिकपणे पाळले तर. खाटा निम्म्याच भरलेल्या असतील तर तीनशे रुग्ण आणि साडेचारशे मुलं. त्यात नर्सिंग आणि फिजिओथेरपीची मुलं वेगळीच. उलट केईएमसारख्या ठिकाणी खाटा अठराशेहून जास्त, बहुतेक भरलेल्या, आणि वर्षाला 250 मुलं.

खाटा रिकाम्या का राहतात? बऱ्याच खासगी महाविद्यालयांची रुग्णालयं शहराबाहेर, जमीन स्वस्त मिळाली तिथे उभी राहिली. एसटी थांबत नाही, रिक्षाला शंभर रुपये जातात, गावात तर फॅमिली डॉक्टर आहेच. मग रुग्ण येणार कशाला? ज्या संस्थांनी हे ओळखलं त्यांनी मोफत शिबिरं घेतली, गावोगावी गाड्या पाठवल्या, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार सुरू केले आणि वॉर्ड खरोखर भरले. काही खासगी रुग्णालयं आज सरकारीच्या तोडीस तोड गजबजलेली आहेत. ज्यांनी नाही केलं, त्या वॉर्ड तपासणीच्या दिवसापुरते भरतात. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या एका खासगी महाविद्यालयाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. बालरुग्ण विभागात झोपवलेली मुलं तपासणी पथकाला ठणठणीत दिसली होती, आणि सुनावणीत न्यायमूर्तींना मुन्नाभाईच्या सिनेमाची आठवण झाली.

रँकिंगमध्ये हे दिसत नाही. एनआयआरएफमध्ये भाग घेणं ऐच्छिक आहे, बरीचशी माहिती संस्थांनीच पुरवलेली असते आणि राज्यातली कित्येक जुनी, भरगच्च सरकारी महाविद्यालयं त्या यादीत नसतातच.

रुग्ण भागिले हात

नुसते रुग्ण मोजूनही भागत नाही. पाणथरी, म्हणजे प्लीहा, तपासायला शिकणं घ्या. डावा हात रुग्णाच्या डाव्या बरगड्यांमागे आधाराला. उजवा हात उजव्या ओटीपोटावर ठेवून सुरुवात करायची आणि तिरका वर, डाव्या बरगडीकडे सरकवत न्यायचा. रुग्णाला श्वास घ्यायला सांगायचं आणि तेवढा वेळ हात जागचा हलू द्यायचा नाही. पाणथरी वाढलेली असेल तर श्वासाबरोबर ती खाली येते आणि बोटाच्या कडेला अलगद टेकून जाते. घाई करून थेट बरगडीखाली हात घातला, तर खूप मोठी पाणथरी हाताखालीच राहते आणि तिची कड सापडतच नाही. हे पुस्तकात अर्ध्या पानात आहे, व्हिडिओत दोन मिनिटांत. बोटाला मात्र ती कड एकदा स्वतः लागावी लागते.

आता एका खाटेभोवती वीस मुलं उभी आहेत अशी कल्पना करा. सर तपासून दाखवतात, पुढची दोघं हात लावतात, बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. आणि वीस जणांनी पोट दाबायचं तर त्या आजारी माणसानेही किती सोसायचं? म्हणून मोजायचं ते एका हाताच्या वाट्याला किती रुग्ण येतात ते.

इंटर्नशिपच्या वर्षात हे गणित आणखी चिघळतं, कारण तिथे एमडी-एमएस करणारे रेसिडेंट येतात. मोठ्या नावाजलेल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर जागा भरपूर. टाके घालणं, मणक्यातून पाणी काढणं, प्रसूती करणं, या सगळ्यावर पहिला हक्क रेसिडेंटचा. इंटर्नच्या नशिबी सॅम्पल लॅबला नेणं, ट्रॉलीबरोबर एक्स-रेला जाणं, रिपोर्ट शोधून आणणं. उलट एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी पदव्युत्तर जागा कमी आणि कामाचा लोंढा मोठा, तिथला इंटर्न वर्षभरात हाताने खूप काही करून बाहेर पडतो. अर्थात रेसिडेंटच नसतील तर रात्री अकराला शंका विचारायची कोणाला, हाही प्रश्न आहेच. मला विचाराल तर पदव्युत्तर जागा थोड्या पण मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग आणि बालरोग या चारही विभागांत असलेलं जुनं जिल्ह्याचं महाविद्यालय एमबीबीएससाठी सर्वांत फायद्याचं. मुंबई-पुण्याच्या ओढीत ते यादीत विनाकारण खाली जातं.

गाव बदललं की आजार बदलतो

मुंबईत क्षयरोग, त्यातही औषधांना न जुमानणारा, जितका पाहायला मिळेल तितका इतरत्र क्वचितच. गडचिरोलीत हिवताप, नंदुरबारमध्ये सिकलसेल आणि कुपोषण. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, तेव्हा कीटकनाशकाच्या विषबाधेचा धडा तिथल्या विद्यार्थ्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही. विंचूदंशावर प्रॅझोसिनचा उपयोग जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात शिकले, आणि त्यांचं संशोधन उभं राहिलं ते महाड परिसरातल्या रुग्णांवर. गोव्यात कोणतं गाव निवडायचं हा प्रश्नच उरत नाही: बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ज्याचं मूळ 1842 च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे, राज्यातलं एकमेव. त्यामुळे गोव्यातली बहुतेक अवघड केस शेवटी तिथेच पोचते.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलेल्या या संस्थेत प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. नीट येण्यापूर्वी तिच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. आता सगळ्याच महाविद्यालयांना विद्यार्थ्यांकडून कुटुंब दत्तक उपक्रम करून घ्यावा लागतो. तो कुठे मनापासून होतो आणि कुठे वहीपुरता, हे तिथली मुलं लगेच सांगतात.

नवं सरकारी की जुनं खासगी?

हल्ली सर्वांत जास्त पेच इथे पडतो. नवं सरकारी महाविद्यालय आकाशातून पडत नाही. जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं आणि त्यालाच महाविद्यालय जोडलं जातं. म्हणजे रुग्ण पहिल्या दिवसापासून असतात, तेही भरपूर. नसतात ते शिक्षक आणि इमारत. वर्ग भाड्याच्या जागेत, मुलींचं होस्टेल तीन किलोमीटरवर, आणि अध्यापक इतर सरकारी महाविद्यालयांतून तात्पुरत्या बदलीवर आलेले. तपासणी झाली की परत जाणारेही त्यात.

याचा फटका पहिल्या वर्षाला जास्त बसतो. शरीररचनाशास्त्रात विच्छेदनाच्या टेबलाभोवती किती मुलं उभी राहतात आणि शिकवायला कोण असतं, यावर सगळं अवलंबून. पण तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत अध्यापकांच्या जागा बहुधा भरत जातात, इमारत उभी राहते, आणि खाटा तर भरलेल्याच असतात. चकचकीत पण ओस वॉर्डांच्या खासगी महाविद्यालयापेक्षा गळक्या छताचं, गर्दीचं सिव्हिल मी वर ठेवीन. रुग्णांनी भरलेलं जुनं खासगी आणि शिक्षकच नसलेलं नवं सरकारी अशी जोडी समोर आली, तर मात्र निर्णय पैशावर जातो.

साडेचार वर्षांचा हिशेब

सरकारीत शुल्क वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास. कॅपमधून मिळालेल्या खासगी जागेचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयासाठी वेगळं ठरवतं. पाच-सहा लाखांपासून पंधरा-सोळा लाखांपर्यंत. त्याच महाविद्यालयातली 15 टक्के संस्थात्मक कोट्याची जागा याच्या कित्येक पट महाग. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस-पंचवीस लाख हा सामान्य आकडा. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, म्हणून गुणायचं साडेचारने: बारा लाखांचे चोपन्न होतात, पंचवीस लाखांचे एक कोटी साडेबारा लाख. इंटर्नशिपच्या वर्षाचं शिक्षण शुल्क द्यायचं नसतं. उलट विद्यावेतन मिळायला हवं. ते मिळतं का, हे मात्र खासगीत स्वतंत्रपणे विचारा.

आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून कॅपमधून मिळालेल्या जागेवर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. सरकारी जागेला दुसरी बाजू बंधपत्राची. पदवीनंतर एक वर्ष सामाजिक उत्तरदायित्वाची सेवा बंधनकारक. ही सेवा शिक्षा समजून टाळणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी ती केली त्यांचे हात बसलेले असतात.

चौकट: जाऊन पाहायचं तर

कामाच्या दिवशी सकाळी दहाला जा. प्रवेश कक्षात नंतर; आधी केस पेपरच्या खिडकीसमोर उभे राहा आणि रांग पाहा. दुपारी चारनंतर वॉर्डातून चक्कर मारा. मग कॅन्टीनमध्ये एखाद्या इंटर्नला गाठून चहा पाजा आणि विचारा:

• तू स्वतः किती प्रसूती केल्यास? किती जखमांना टाके घातलेस?
• बेडसाइड क्लिनिक रोज होतं का? सर स्वतः येतात की रेसिडेंटवर सोपवतात?
• एका क्लिनिकला तुम्ही किती जण असता?
• विच्छेदनाच्या टेबलाला किती मुलं होती?
• पहिल्या वर्षी होस्टेल मिळालं का? रॅगिंगची तक्रार केली तर पुढे काय होतं?
• विद्यावेतन वेळेवर येतं का?

आणि परदेश?

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान इथलं शुल्क इथल्या खासगीपेक्षा कमी, म्हणून दर वर्षी हजारो मुलं जातात. निवडीचं तत्त्व तिथेही तेच: स्थानिक रुग्णाशी बोलता येईल इतकी तिथली भाषा शिकवतात का, आणि वॉर्डात हात लावू देतात का? शिवाय आयोगाचे 2021 चे नियम कडक आहेत. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा, 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही व्यवसायाची नोंदणी मिळायला हवी. यातली एक अट हुकली तर इथे नोंदणीचं दार बंद. हे एजंटच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि नियम शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहा. परत आल्यावर पात्रता परीक्षा आणि भारतात आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप. तेव्हा खर्च काढताना परीक्षेच्या तयारीचा काळही त्यात घाला आणि वर्षं सात तरी धरा.